अडकित्त्याने दाबलेलं बटण

वाचकांचे प्रश्न : साधा फोन

ठाण्यात गावदेवी मैदानाजवळच्या एका गल्लीत माझं मोबाईल दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. आधी त्याच जागेत आमचा पिवळ्या पाटीचा एसटीडी-पीसीओ होता. २००३ च्या मे महिन्यात मोबाईलवर येणारे फोन फुकट झाले आणि आमच्या बूथपुढची रांग हळूहळू आटत गेली. त्याच वर्षी नोकियाचा टॉर्चवाला ११०० आला. जो तो तोच हातात घेऊन यायचा, आणि मी स्क्रू-ड्रायव्हर हातात धरला तो तेव्हापासून.

आता काउंटरवर टचचे फोन जास्त येतात. पत्रं मात्र सगळ्यात जास्त येतात ती बटणांच्या फोनवाल्यांची, म्हणून या अंकात फक्त त्यांचेच प्रश्न घेतले आहेत. एक विनंती आहे. वाचताना फोन स्वतःच्या हातात ठेवा. सून, नातू, शेजारी कुणीही "आणा इकडे" म्हणालं तरी देऊ नका. मी सांगते ती बटणं बहुतेक फोनवर तशीच चालतात. एखाद्या फोनवर चालली नाहीत, तर फोन बंद करून मागचं झाकण उघडा, बॅटरी काढा. खाली चिकटवलेल्या कागदावर मॉडेलचा नंबर असतो, तो मला पत्रात कळवा.

प्रश्न : ताई, माझ्या फोनची बेल आपोआप बंद होते. नातू येतो आणि दोन सेकंदांत चालू करून देतो. चार दिवसांनी परत तेच. मुलीचे सात-सात मिस कॉल पडलेले असतात आणि ती घाबरून शेजारच्यांना फोन करते. फोन बटव्यातच असतो, कुठे पडलेला नाही. आता नवीन घ्यावा का?
— एक आजी, लोकमान्यनगर, ठाणे

उत्तर : आजी, नवीन घेऊ नका. तुमचा फोन धडधाकट असणार.

मागच्या वर्षी अगदी हीच तक्रार घेऊन उथळसरहून एक आजी आल्या होत्या. मी फोन उघडून पाहिला. स्पीकर स्वच्छ, आवाज खणखणीत. मग त्यांना म्हटलं, बटवा काउंटरवर रिकामा करा. चुन्याची डबी निघाली, टीएमटीची तिकिटं निघाली, सुपारी, दोन रबरबँड आणि पितळी अडकित्ता. फोन परत बटव्यात ठेवला, बटव्याची नाडी ओढली आणि बाहेरून हाताने जरा दाबलं. आतून 'गुर्र' झालं. काढून पाहिलं तर पडद्यावर घंटेचं चित्र आणि त्यावर तिरकी रेघ. अडकित्त्याचा दांडा खालच्या कोपऱ्यातल्या हॅशच्या बटणावर बसत होता.

हॅश म्हणजे ते जाळीसारखं चिन्ह असलेलं, उजवीकडचं सगळ्यात खालचं बटण. बऱ्याच फोनवर ते दोन-तीन सेकंद दाबून धरलं की फोन सायलेंटवर जातो, आणि परत तसंच धरलं की बेल सुरू होते. तुमचा नातू दोन सेकंदांत करतो ते हेच. आता तुम्ही करा. हॅश दाबा, बोट उचलू नका, मनात 'एक, दोन, तीन' म्हणा आणि पडद्याकडे पाहा. घंटेवर रेघ आली? परत धरा. गेली? हे पाच वेळा करा. बिघडत काही नाही.

पण खरा उपाय पुढेच आहे. बटव्यात टाकण्याआधी बटणांना कुलूप लावायचं. काही फोनवर चांदणीचं म्हणजे स्टारचं बटण दाबून धरलं की कुलूप लागतं, काहींवर आधी मधलं बटण आणि लगेच स्टार. उघडायचं असलं की मधलं बटण, मग स्टार. कुलूप लागलं की अडकित्ता कितीही वेळ हॅशवर बसला तरी काही होणार नाही. विसरायला होत असेल तर सेटिंगमध्ये 'ऑटो कीगार्ड' किंवा 'आपोआप कीपॅड लॉक' असं असतं, ते चालू करून ठेवा. मग तुम्ही विसरलात तरी फोन विसरत नाही. आणि हो, कुलूप लागलेलं असलं तरी येणारा फोन हिरव्या बटणाने नेहमीसारखाच उचलता येतो. कुलूप न उघडता फोन उचलता येईल का, या भीतीने कुलूपच न लावणारे खूपजण मला भेटतात.

प्रश्न : मी तीन सोसायट्यांमध्ये घरकाम करते. वाचता येत नाही, हे पत्र मुलगी लिहितेय. मागच्या महिन्यात नंबर तोच ठेवून कंपनी बदलली आणि फोनमधले सगळे नंबर गेले. मुलीने परत भरून दिले, पण मला नाव वाचताच येत नाही, तर कुणाला लावायचा हे कसं ओळखू? नेहमी कुणालातरी "लावून द्या" म्हणावं लागतं. ते नको वाटतं.
— एक ताई, कळवा

उत्तर : ताई, तुमचं शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं. आधी नंबर का गेले ते सांगते, कारण ते परत होऊ नये.

फोनमध्ये नंबर ठेवायच्या दोन जागा असतात, एक फोनची आणि एक सिमकार्डाची. तुमचे नंबर सिमकार्डावर होते. कंपनी बदलताना आपण १९०० वर 'पोर्ट' असा मेसेज पाठवतो, नंबर तोच राहतो, पण कार्ड नवं मिळतं. नवं कार्ड कोरं. जुन्या कार्डावरचे नंबर जुन्या कार्डाबरोबर गेले. ते कार्ड अजून घरात कुठे डबीत पडलेलं असेल तर मुलीला सांगा, फेकू नकोस. फोनमध्ये परत घातलं तर त्याच्यावर रेंज येणार नाही, पण नंबर दिसतील, आणि कॉन्टॅक्ट्समध्ये 'कॉपी : सिम ते फोन' केलं की सगळे फोनमध्ये उतरतील. इथून पुढे नंबर दोन्हीकडे ठेवायचे. सिमवर साधारण अडीचशे मावतात, तुमच्या कामाला पुष्कळ झाले.

आता वाचण्याचं. तुम्हाला अक्षरं येत नाहीत, पण आकडे येतात ना? बसचा नंबर ओळखता, नोटा ओळखता, कुठल्या मजल्यावर कुठला फ्लॅट हे तुम्हाला पाठ आहे. माझ्या दुकानात अशाच एक मावशी यायच्या. सूनबाईंनी त्यांच्या फोनमध्ये 'कुलकर्णी मॅडम', 'जोशी काकू' असं सगळं व्यवस्थित भरलं होतं आणि मावशींना त्यातलं एकही उमजत नव्हतं. मी त्यांना विचारलं, तुम्ही घरी या बायकांना काय म्हणता? त्या म्हणाल्या, "तीनशे दोनची वहिनी, सातशे एकची आजी." मग मी नावांच्या जागी तेच भरलं. ३०२. ७०१. ११०४. मावशी यादीवर बोटाने खाली-वर गेल्या, ७०१ वर थांबल्या आणि न विचारता हिरवं बटण दाबलं. सातशे एकच्या आजींनीच उचलला. उद्या दूधपिशव्या आणू का, एवढंच त्यांनी विचारलं आणि फोन ठेवला. मला म्हणाल्या, "हे आधी का नाही कुणी केलं?"

तुम्हीही मुलीकडून नावांच्या जागी फ्लॅटचे नंबर भरून घ्या. दोन सोसायट्यांत एकच नंबर असला तर पुढे सोसायटीसाठी एक आकडा लावायचा, १-३०२, २-३०२ असा.

घरच्या माणसांसाठी यादीतसुद्धा जायची गरज नाही. २ पासून ९ पर्यंतच्या बटणांवर एकेक माणूस बसवता येतं, त्याला स्पीड डायल म्हणतात. १ सोडून द्यायचा, तो कंपनीच्या व्हॉइस मेलसाठी असतो. कॉन्टॅक्ट्समध्ये किंवा सेटिंगमध्ये 'स्पीड डायल' सापडेल. २ वर मुलगी, ३ वर भाऊ, ४ वर दवाखाना असं काहीतरी. मग २ नुसता दाबून धरला की मुलीला फोन लागतो.

बटण बोटाला ओळखू यावं म्हणून मधल्या ५ च्या बटणावर एक बारीक उंचवटा असतो. आत्ता अंगठा फिरवून पाहा. सापडला? त्याच्या बरोबर वर २, डावीकडे ४, उजवीकडे ६, खाली ८. डोळे मिटून आधी ५ शोधायचा, मग एक घर वर सरकायचं, ते मुलीचं बटण. अंधारात, बसमध्ये उभ्या-उभ्या, चष्म्याशिवाय, कधीही लावता येतो. मी सगळ्यांना आधी ५ चा ठिपकाच शिकवते, हिरवं-लाल बटण नंतर.

फोन कुणाचा आलाय हेही न वाचता कळेल. प्रत्येक नंबराला वेगळी रिंगटोन लावता येते, पण बऱ्याच फोनवर ती फक्त फोनमधल्या नंबराला लागते, सिमवरच्या नाही. म्हणून मुलीचा नंबर फोनमध्ये हवाच.

आणि संकटाच्या वेळेचं. १ जानेवारी २०१७ पासूनचा सरकारी नियम असा की नव्या साध्या फोनवर ५ किंवा ९ चं बटण दाबून धरलं की तातडीच्या मदतीचा फोन लागला पाहिजे. तुमच्या फोनवर ती सोय चालू आहे का, कुठल्या बटणावर आहे, ते कुणा जाणकाराकडून सेटिंगमध्ये पाहून घ्या. उगाच दाबून बघू नका, तो खरोखर मदतकेंद्राला लागतो. असली तर ५ आणि ९ वर स्पीड डायल बसवू नका. नाहीतर ११२ हा नंबर लक्षात ठेवा, पोलीस, अग्निशमन, ॲम्ब्युलन्स, सगळ्यांना एकच. एक-एक-दोन. कीपॅडला कुलूप असलं तरी तो लागतो.

प्रश्न : मला मराठीतूनच मेसेज लिहायचा असतो. एक ओळ लिहिली की दोन मेसेजचे पैसे कापले जातात. इंग्रजीत तेवढ्याच मजकुराला एकच लागतो. हा मराठीवर अन्याय नाही का? शिवाय जोडाक्षर कसं काढायचं हे गवसत नाही.
— एक निवृत्त शिक्षक, चरई, ठाणे

उत्तर : सर, तुमचा राग मला पटतो. एका मेसेजच्या जागेत इंग्रजी अक्षरं १६० मावतात. मेसेजमध्ये एक जरी देवनागरी अक्षर आलं की तीच जागा ७० वर येते. कारण मेसेजची ही मापं मुळात रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून ठरली. इंग्रजी अक्षर कमी जागेत बसतं, आपल्या अक्षराला दुपटीहून जास्त जागा द्यावी लागते.

आणि ७० म्हणजे आपण मोजतो तशी ७० अक्षरं नव्हेत. फोन काना, मात्रा, वेलांटी, पाय मोडल्याची खूण आणि मोकळी जागा हे सगळं वेगळं मोजतो. 'माझी गाडी ठाण्याला पोचली' यात तुम्ही-मी दहा अक्षरं मोजू. फोनच्या हिशेबाने ती २४ होतात. मी एकदा दुकानात बसून कागदावर मांडून पाहिलं, नुसतं 'ठाण्याला' हेच आठ. ठ, काना, ण, पाय मोडणं, य, काना, ल, काना. सत्तरच्या वर गेलं की मेसेजचे तुकडे होतात, प्रत्येक तुकड्यात ६७ च मावतात आणि प्रत्येक तुकड्याचे पैसे वेगळे. म्हणून लिहिताना पडद्याच्या वरच्या कोपऱ्यातला उलटा मोजणारा आकडा बघत जा, तो शून्याच्या आत संपवलात की एकच मेसेज.

जोडाक्षराचं उत्तर वरच्या 'ठाण्याला' मध्येच आलं. ण लिहायचा, मग पाय मोडायचा, मग य. पाय मोडायची खूण प्रत्येक कंपनीने वेगळ्या बटणावर ठेवली आहे. कुठे ती मात्रांच्या बटणावर फिरत-फिरत येते, कुठे स्टारच्या चिन्हांच्या तक्त्यात असते. एकदा सापडली की कागदावर लिहून फोनच्या कव्हरमध्ये घालून ठेवा. मराठी लेखन चालू करायला मेसेज लिहिताना 'पर्याय'मध्ये जाऊन 'लेखन भाषा' निवडायची. आकडे-अक्षरांची अदलाबदल मात्र बऱ्याच फोनवर हॅश एकेकदा टिचकी मारल्यासारखा दाबून होते.

सवय मोडू नका, सर. मराठीतच लिहा. पंचवीस वर्षं फळ्यावर जे लिहिलंत ते बारा बटणांवर येणार नाही असं नाही.

प्रश्न : कुरिअरवाला बोलतोय म्हणून फोन आला. तुमचं पार्सल अडकलंय, मी सांगतो तो नंबर दाबा म्हणाला. स्टार, दोन, एक, स्टार आणि पुढे दहा आकडी नंबर, मग हॅश. मी दाबला. त्यानंतर दोन दिवस मला एकही फोन आला नाही. फोन बिघडला असेल का? माझा साधा फोन आहे, त्यात इंटरनेटच नाही, म्हणजे धोका नाही ना?
— एक काका, नेरूळ

उत्तर : काका, पत्र इथवर यायला दिवस गेले असतील, म्हणून संपादकांनी तुम्हाला मधल्या काळात कळवायचा प्रयत्न केला आहेच. तरी छापते, कारण 'साधा फोन म्हणजे धोका नाही' असं समजणारे खूप आहेत आणि ते खरं नाही.

स्टार-२१-स्टार ही फोन वळवायची खूण आहे. त्याच्यापुढे ज्याचा नंबर टाकाल त्याच्याकडे तुमचे सगळे फोन जायला लागतात. तुमचा फोन बिघडला नव्हता, तुमचे फोन दुसराच कुणीतरी उचलत होता. इंटरनेट लागत नाही या कामाला, सगळं टेलिफोन कंपनीच्या यंत्रात होतं. बँका आणि इतर काही सेवा ओटीपी मेसेजने न पाठवता फोन करूनही सांगतात. तो फोन त्या माणसाकडे गेला तर ओटीपीही त्याच्याकडेच.

आता करायचं ते असं. हॅश, हॅश, शून्य, शून्य, दोन, हॅश आणि मग हिरवं बटण. म्हणजे ##००२#. याने सगळी वळवणी रद्द होते. मग *#२१# दाबून हिरवं बटण दाबा, वळवणी चालू आहे की नाही ते पडद्यावर येईल. नंतर बँकेत स्वतः जाऊन पासबुक भरून घ्या. एक रुपया जरी आपल्याला न सांगता गेलेला दिसला तरी १९३० ला फोन करायचा, तो सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा सरकारी नंबर आहे, आणि जितका लवकर लावाल तितकी पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त.

लाज वाटून घेऊ नका. ज्याने फसवलं त्याने वाटून घ्यावी. घरच्यांना आजच सांगा, कारण मुलांपासून लपवण्यात जे दिवस जातात तेच त्या माणसाच्या उपयोगी पडतात. आणि आपल्या फोनवर स्टार किंवा हॅश असलेला नंबर दुसऱ्याच्या सांगण्यावरून कधीच दाबायचा नाही. दाबायचाच असेल तर तो काय करतो हे आधी दुकानात येऊन विचारा. मी त्याचे पैसे घेत नाही.

प्रश्न : मार्केटमध्ये माथाडी आहे. मुलाने त्याच्याकडचं जिओचं सिम दिलं, माझ्या जुन्या नोकियात घातलं तर रेंजच येत नाही. कार्डही लहान आहे, नीट बसत नाही.
— एक दादा, कोपरखैरणे

उत्तर : दादा, सिम खराब नाही आणि फोनही नाही, त्यांची जोडी जमत नाही. तुमचा जुना फोन २जी वर, म्हणजे जुन्या पिढीच्या मोबाईल जाळ्यावर बोलतो. जिओचं जाळं सुरूच झालं ते ४जी पासून, २जी त्यात नाहीच. एक तर २जी चालणाऱ्या कंपनीचं सिम घ्या, नाहीतर ४जी चा बटणांचा फोन घ्या, तेही मिळतात. खरेदीच्या वेळी 'बटणांचा' एवढंच सांगू नका, '४जी बटणांचा' असं सांगा.

लहान कार्डाला प्लॅस्टिकची चौकट मिळते, ती लावून बसवायचं. चौकट न लावता नुसतं कार्ड आत सरकवू नका. आतल्या पितळी पट्ट्यांत ते अडकतं, ओढताना पट्टी वाकते आणि मग सिमची जागाच बदलावी लागते.

प्रश्न : साध्या फोनवरून पैसे पाठवता येतात का? भाजीचा धंदा आहे, गिऱ्हाईक विचारतं.
— एक विक्रेत्या, जांभळी नाका, ठाणे

उत्तर : येतात, ताई. *९९# लावून हिरवं बटण दाबलं की पडद्यावर यादी येते, आकडा दाबून पुढे जायचं. इंटरनेट लागत नाही. पहिल्यांदा एटीएम कार्डाचे शेवटचे सहा आकडे आणि कार्डाची मुदत विचारतात, मग आपला पिन आपण ठरवायचा. बँकेत तुमचा हाच नंबर नोंदलेला हवा. एका वेळी पाच हजारांपर्यंत जातात. मार्च २०२२ पासून साध्या फोनसाठी यूपीआय १२३पे ही सोयही आहे, तिच्यात फोन लावून आवाजाच्या सूचनांप्रमाणे बटणं दाबायची. तिचा नंबर मात्र आपल्या बँकेच्या शाखेतूनच लिहून घ्या, गिऱ्हाइकाने सांगितलेला नको. धंद्यासाठी वेगळं खातं ठेवा, त्यात रोजच्या मालापुरते पैसे. पिन बोटाने दाबायचा असतो, तोंडाने कधी सांगायचा नसतो.

प्रश्न : बॅटरी तासाभरात उतरते. मागचं झाकणही नीट लागत नाही.
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : झाकण लागत नाही म्हणजे बॅटरी फुगली आहे. काढून काचेवर किंवा गुळगुळीत टेबलावर ठेवा आणि भोवऱ्यासारखी टिचकी मारा. सपाट बॅटरी जागीच राहते, फुगलेली गरगर फिरते. फिरली तर आजच वापरणं बंद करा. टाचणी टोचून हवा काढायला जाऊ नका, पेट घेते. कचऱ्याच्या डब्यातही नको, ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या. नवी घेताना जुनी बरोबर न्या आणि तिच्यावरचा नंबर जुळवून घ्या, जुन्या नोकियांत बहुधा बीएल-५सी असतो.

प्रश्न : फोनमधला रेडिओ लावला की 'इअरफोन जोडा' असं येतं. जोडला तरी आकाशवाणीची अस्मिता वाहिनी लागत नाही.
— एक वाचक, खारेगाव

उत्तर : इअरफोनची तार हाच त्या रेडिओचा अँटेना असतो. तार जोडा आणि आवाज हवा तर स्पीकरवर घ्या. अस्मिता मात्र मध्यम लहरींवरची, ५५८ किलोहर्ट्झची. फोनमधला रेडिओ फक्त एफएम पकडतो. १०२.८ वर विविध भारती लागेल.

प्रश्न : आई गावाहून कायमची माझ्याकडे आली आहे. तिला साधा फोन घेऊन दिला. रोज शिकवतो, रोज विसरते. शेवटी माझा आवाज चढतो आणि ती फोन उशीखाली ठेवून देते. तिला कसं शिकवू?
— एक मुलगा, वाशी

उत्तर : दादा, तुम्ही शिकवताना फोन कुणाच्या हातात असतो? मी पैजेवर सांगते, तुमच्या. तुमचं बोट भराभर चालतं, आई पडद्याकडे बघत "हो हो" म्हणते आणि तिच्या बोटाला काहीच कळलेलं नसतं.

आज रात्री जेवणं झाली की फोन आईच्या हातात द्या आणि स्वतःचे हात मांडीखाली घ्या. खरंच घ्या, नाहीतर ते पुढे जातातच, माझेही जायचे. वहीच्या पानावर बारा चौकोन काढून कीपॅड मोठा काढा. हिरवं बटण हिरव्या पेनने, लाल लालने. पहिल्या दिवशी फक्त फोन उचलणं आणि ठेवणं. दुसऱ्या दिवशी ५ चा ठिपका. तिसऱ्या दिवशी २ दाबून धरणं, तिथे तुमचा नंबर बसवलेला असू द्या. एका दिवशी एकच. ती चुकली तर गप्प राहा. लाल बटण दाबत राहिलं की कुठूनही पहिल्या पडद्यावर परत येता येतं, एवढंच सांगा. माणूस घाबरतो ते परत कसं यायचं ते माहीत नसल्यामुळे.

चौथ्या दिवशी तुमचा फोन घेऊन घराबाहेर पडा, दार ओढून घ्या आणि जिन्यात उभे राहा. पाच मिनिटं लागतील, दहाही लागतील. दार वाजवू नका, आतून आवाज आला तरी जाऊ नका. फोन वाजला की उचला आणि "बोल, आई" म्हणा.